राक्षसाचं डोकं काहून दुखलं

"मॅडम, राक्षस का सर फिर दुख रहा है."

गुरुवारी सकाळी साडेदहाला हा फोन आला. मी ऑफिसात दुसऱ्याच साइटचं ड्रॉइंग पसरून बसले होते. बोलणारा संतोष, आणि राक्षस म्हणजे तोच. सिहोऱ्याचा माणूस, रोज बसनं ये-जा करायचा. आधी रामलीलेत कुंभकर्ण करायचा. आता जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या एका नव्या सरायीच्या तळघरात राक्षसाच्या नोकरीला लागला होता.

"फिर मतलब? कबसे?" मी विचारलं.

"सोमवार से रोज़. नीचे बैठो तो दुखता है, ऊपर आओ तो ठीक. आज उल्टी भी हुई. निखिल भैया को बोला तो बोले, मुखौटा टाइट होगा."

आता डोकं दुखतं तर माणूस डॉक्टरला फोन करेल, मला काहून करेल? तर त्या तळघरातली हवा माझी होती. मी एसी आणि व्हेंटिलेशनचं काम करते. कुठून किती ताजी हवा आत आणायची, कुठून शिळी हवा बाहेर काढायची, हे मी कागदावर काढून देते आणि मग आमची माणसं ते बसवतात. सव्वीस वर्षं झाली. हवा दिसत नाही, त्यामुळे आमचं काम कोणाला दिसत नाही. बिघडलं की मात्र सगळ्यांना आमचा नंबर सापडतो.

मी उठले आणि आमच्या मालकांच्या केबिनमध्ये गेले. दिघे सर. जबलपूरच्या जुन्या मराठी घराण्यातले, बोलणं एकदम मऊ, पण कामाच्या तारखेला फार कडक.

"सर, सरायीतून फोन आहे. खाली बसणाऱ्या माणसाचं डोकं दुखून राहिलं."

"वर्षा, रविवारी त्यांचं उद्घाटन आहे. उद्या आपलं हँडओव्हर. आता हे काय नवीन?"

"तेच पाहून येते."

"पाहून ये. पण लांबवू नको. अच्छा, आणि त्याला एक डोकेदुखीची गोळी दे म्हणावं."

हँडओव्हर म्हणजे काम पूर्ण झालं, सगळं नीट चालतं, असा कागद. त्यावर डिझाइन करणाऱ्याची सही लागते. म्हणजे माझी.

ही सराय काय चीज होती ते सांगते. निखिल आमच्याच मराठी मंडळींतला मुलगा. बरीच वर्षं बंगळुरूला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्याला त्या विलायती कल्पनेतल्या खेळांचं भारी वेड. त्या खेळांत म्हणे प्रत्येक गोष्ट एका सरायीत सुरू होते. योद्धे, जादूगार, बुटके असे सगळे तिथं जमतात, खातात-पितात, गप्पा हाणतात, आणि सरायीच्या खालूनच अंधारकोठडीचा रस्ता निघतो. मग सगळे खाली उतरून राक्षसाशी लढतात. निखिल जबलपूरला परत आला तो हेच बांधायचं ठरवून. त्यानं एक जुनी इमारत घेतली. तिथं आधी कोचिंग क्लास होता आणि खाली चांगलं खोल तळघर होतं. वर सराय, खाली कोठडी.

काम मात्र पोरानं देखणं केलं होतं. वर लाकडी बाकं, लोखंडी झुंबर, भिंतीवर ढाली-तलवारी. दारू नाही, लाकडी मगमध्ये जलजीरा आणि मठ्ठा. आपली खोव्याची जलेबी तिथं 'ड्रॅगनचं वेटोळं' म्हणून मिळणार होती. आणि सरायीच्या मधोमध जमिनीला एक गोल भोक, त्याला विहिरीसारखा कमरेएवढा दगडी कठडा. त्यातून वाकून पाहिलं की थेट खाली, तळघराच्या सगळ्यात खोल खोलीत, राक्षस बसलेला दिसायचा. त्या खोलीला निखिल 'विहीर'च म्हणायचा. खेळणारे बाजूच्या जिन्यानं उतरणार, वर लाकडी झाकण बंद होणार, मग एका बुटक्या बोगद्यातून रांगत ते राक्षसाच्या खोलीत निघणार. वर बसलेले आईबाप जलेबी खात कठड्यावरून त्यांची लढाई पाहणार. काम चालू असताना रस्त्यावरचे लोक आत डोकावून एकच विचारायचे, "भैया, ये सुरंग मदन महल निकलती है क्या?" जबलपुरात कोणतंही भोक पाडा, ते मदन महालच्या किल्ल्यापर्यंत जातं असंच लोकांना वाटतं.

मी पोचले तेव्हा संतोष बाहेर ओट्यावर बसला होता. अंगात राक्षसाची केसाळ पँट, वर गंजीफ्राक, तोंड उतरलेलं. मुखवटा शेजारी ठेवलेला. मी मुखवटा उचलून नाकातोंडाची भोकं पाहिली. चांगली मोठी होती.

"अभी कैसा है?"

"अभी तो ठीक, मॅडम. हवा में आ गया ना."

हे त्यानं सहज म्हटलं, पण मी मुखवटा खाली ठेवला. बाहेर आलं की बरं वाटतं म्हणजे दोष माणसात नाही, खोलीत आहे.

मी खाली उतरले. जिना, बोगद्याचं तोंड, विहीर, सगळीकडे उभी राहिले. मला काही झालं नाही. थंड होतं, वास नव्हता. ताज्या हवेचा पंखा चालू होता. एक्झॉस्ट, म्हणजे शिळी हवा ओढणारा पंखा, तोही फिरत होता. पण आवाज कमी वाटला. वर येऊन पाहते तर काउंटरमागे एक्झॉस्टच्या पंख्याला घरातल्या पंख्यासारखा रेग्युलेटर लावलेला, एक नंबरवर ठेवलेला आणि वरून चिकटपट्टी मारलेली. माझ्या ड्रॉइंगमध्ये रेग्युलेटर नव्हताच.

"निखिल, हे कोणी केलं?"

निखिलला मराठी सगळी समजते, पण बोलताना मधेच हिंदी निघते. "दीदी, मी केलं. तो पंखा पूरा फॉग खींच लेता है. इतना सुंदर फॉग, और दो मिनट में गायब."

"कोणता फॉग?"

"अरे, आपने देखा नहीं? अजून दाखवलं नाही तुम्हाला? रुको."

त्यानं थर्माकोलचा एक मोठा डबा आणला. हातमोजे घालून आतले पांढरे तुकडे काढले आणि काउंटरवरच्या प्रचंड कढईत टाकले. कढईत गरम पाणी होतं. भसकन पांढरं धुकं उसळलं. कढईच्या काठावरून ओघळलं, काउंटरवरून खाली आलं, फरशीवरून सरपटत जिन्याच्या तोंडाशी गेलं आणि एकेक पायरी उतरत खाली गेलं. थोडं कठड्याच्या फटीतून विहिरीत सांडलं. खरं सांगते, दिसायला इतकं सुंदर होतं की मी क्षणभर पाहतच राहिले. मग मी कपाळावर हात मारला.

ते ड्राय आइस होतं. साध्या बर्फाचं वितळून पाणी होतं. हा वितळतच नाही, याचा थेट गॅस होतो, कार्बन डायऑक्साइड. आपण श्वास सोडतो त्यात असतो तोच, पण इथं डबाभर. हा गॅस हवेपेक्षा जड. म्हणूनच तो इतका छान सरपटत पायऱ्या उतरतो. आणि पांढरं धुकं विरलं तरी गॅस विरत नाही. तो दिसेनासा होऊन सगळ्यात खोल जागी साचून राहतो. सगळ्यात खोल जागी कोण बसतं? संतोष.

"आधी तर तू मशीनचा धूर वापरणार होतास ना?"

"हो, पण उसका स्मोक अलार्म बजता था. बार बार. मग सजावटीच्या डिझायनरनी हे सुचवलं. नागपूरहून येतं. दीदी, सोड्यात असतो तोच गॅस आहे, ज़हर थोड़ी है."

"रोज किती टाकता?"

"रिहर्सलला एक डबा. रविवारी तीन टाकणार. ग्रँड ओपनिंग आहे!"

रविवारी पहिली खेप लहान मुलांची होती. निखिलच्या मुलीचा, पिहूचा, नववा वाढदिवस, तिच्या वर्गातली सगळी पोरं बोलावलेली. पोरं बोगद्यातून रांगत जाणार. रांगणाऱ्या पोराचं नाक जमिनीपासून किती वर असतं हो? मी मोठी बाई, उभी राहिले, म्हणून मला काही झालं नाही.

मी जागच्या जागी सांगून टाकलं. ड्राय आइस बंद, संतोष खाली जाणार नाही, आणि रविवारी कोणी उतरणार नाही. निखिलचा चेहरा पडला. मग तो चिडला.

"दीदी, मी रोज चार वेळा खाली जातो. मला तर कधी काही नाही झालं! एक आदमी का सर दुखा तो पूरा ओपनिंग कॅन्सल? प्रूफ दाखवा ना. मीटर लावा."

मीटरचं म्हणणं बरोबर होतं. गॅस मोजायचा मीटर असतो. पण आमच्याकडे तो नव्हता. नागपूरच्या ओळखीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला सोमवारी पाठवतो. इथल्या सरकारी फॅक्टरीत एकाला विचारलं, तर ते बाहेर देत नाहीत. उद्घाटन रविवारी.

ऑफिसात येऊन मी सरायीचं ड्रॉइंग काढलं. मला दुसऱ्याच्या चुका पाहायच्या होत्या, खोटं कशाला बोलू. रेग्युलेटर त्यांनी लावला होता, बर्फ त्यांनी आणला होता. मग माझी नजर कोपऱ्यातल्या एका ओळीवर गेली. 'फॉग इफेक्ट – बाय अदर्स.'

हे 'बाय अदर्स' म्हणजे आमच्या धंद्यातला जुना रोग आहे. ड्रॉइंगवर जे काम आपलं नाही त्यापुढे हे दोन शब्द लिहितात. म्हणजे हे काम दुसरे करतील, आम्हाला विचारू नका. वायरिंगवाला लिहितो, प्लंबर लिहितो, आम्हीही लिहितो. एकदा लिहिलं की त्या ओळीकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं. तळघर आहे, फॉग आहे, तर कसला फॉग एवढा एक प्रश्न विचारायचा होता. मी तो विचारला नाही, आणि हवा ओढायच्या जाळ्या नेहमीप्रमाणे छताला लावून मोकळी झाले. ताजी हवा छतापाशी सोडायची आणि छतापाशीच ओढायची. वरची हवा वरच्या वर फिरत राहिली आणि तळाला कोणी हातच लावला नाही. पंखा पूर्ण जोरात असता तरी तळाचा गॅस पुरता निघाला नसता. मला माझी फार लाज वाटली. हे मी शिकाऊ पोरांना शिकवते, न बाप्पा!

दिघे सरांना मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. निखिलची चूक आणि माझी चूक.

सर चष्मा पुसत म्हणाले, "वर्षा, कॉन्ट्रॅक्टमध्ये फॉग आपल्याकडे नाही. 'बाय अदर्स' लिहिलंय. आपण सुटलो."

"आपण सुटलो सर. संतोष कुठं सुटला?"

"असं बोलू नको. मी काय म्हणतो, आपण पत्र देऊ, की ड्राय आइस वापरू नये. आणि हँडओव्हर करून टाकू. पुढे त्यांचं ते पाहतील."

"पत्र ते फाइलला लावतील आणि बर्फ कढईत टाकतील. मी सही करत नाही."

"माझ्या नावावर काम आहे. मी करतो सही."

"करा. पण डिझाइन चुकलंय असं मी त्याच कागदावर लिहून देईन. माझ्या हातानं."

सर माझ्याकडे पाहतच राहिले. सव्वीस वर्षांत मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. तरी मी बसूनच राहिले. शेवटी ते म्हणाले, "उद्या दोघं जाऊ. त्या पोराला पटव. पटलं तर ठीक, नाही तर मग पाहू."

कांचघर वस्तीतल्या घरी परत येताना ऑटोत मी एकच विचार करत होते. मीटर नाही, तर पटवायचं कसं? आणि मला बाबा आठवले.

माझे बाबा वऱ्हाडातले. फॅक्टरीत नोकरी लागली म्हणून जबलपूरला आले. त्यांच्या गावात ज्वारी पेवात ठेवायचे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं खोल कोठार, तोंड लहान, पोट मोठं. पेव उघडलं की कोणी लगेच उतरत नसे. आधी तोंड उघडं टाकायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील तळापर्यंत जळत गेला तर माणूस उतरणार. विझला तर नाही. बाबा सांगायचे, "पेवात भूत रायते म्हणत लोक. भूतबीत काही नाही पोरी. दाणा श्वास घेते, अन् त्याची हवा खाली बसते." त्याच हवेला मी पुढे कॉलेजात इंग्रजी नाव शिकले.

एक सांगून ठेवते. कंदील हा काही मीटर नाही. तो विझण्याच्या कितीतरी आधी माणसाला त्रास सुरू होतो. म्हणजे कंदील जळतो म्हणून खाली जा, असं मी कोणाला म्हणणार नाही. पण विझला, तर मग बोलायला जागा राहत नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही सरायीत जमलो. मी, दिघे सर, निखिल, संतोष. मी निखिलला म्हटलं, "तुझी रविवारची पूर्ण रिहर्सल कर. तीन डबे टाक. पंखा तुझ्या एक नंबरवर ठेव. फक्त खाली कोणी उतरायचं नाही."

तो उत्साहानं कामाला लागला. त्याला वाटलं मी नरमले. कढईत धुकं उसळलं, पायऱ्या उतरलं, विहिरीत सांडलं. झाकण बंद केलं. आम्ही वीस मिनिटं बाकांवर बसून मठ्ठा प्यालो. हळूहळू धुकं विरलं, विहिरीचा तळ स्वच्छ दिसायला लागला. राक्षसाचं दगडी आसन, प्लास्टिकची हाडं, सगळं.

"देखा? साफ," निखिल म्हणाला.

मी सरायीतलाच एक शोभेचा कंदील घेतला. आत खरी मेणबत्ती लावली. काच तीन बाजूंनी होती, वारा लागू नये म्हणून चौथ्या बाजूलाही पत्र्याचा तुकडा अडकवला, वरचं आणि खालचं भोक मोकळं ठेवलं. सुतळी बांधली आणि कठड्यावरून हळूहळू सोडायला लागले. सगळे वाकून पाहत होते. कंदील छताखालून गेला, जळत होता. अर्ध्यावर गेला, जळत होता. अजून खाली गेला. ज्योत लहान झाली, वातीपासून सुटल्यासारखी थरथरली आणि गेली.

"हवा लगी होगी," निखिल म्हणाला.

मी जिथं ज्योत गेली तिथं सुतळीला बोटानं धरून गाठ मारली. मग कंदील तळाला टेकेपर्यंत सोडला आणि तिथं दुसरी गाठ मारली. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे तळावर साचलेल्या गॅसची उंची. वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच गाठीपाशी विझला. तिसऱ्यांदा मी सुतळी निखिलच्या हातात दिली.

"तू सोड. जितकं सावकाश सोडायचं तितकं सोड."

त्यानं श्वास रोखून सोडला. त्याच गाठीपाशी विझला. पाण्यात बुडवावा तसा. पाणी मात्र कुठंच दिसत नव्हतं. संतोषनं कानाला हात लावले.

दिघे सर घशातल्या घशात म्हणाले, "अरे देवा." पण निखिलच्या चेहऱ्यावर अजून हिशेब चालला होता. पंखा दोन नंबरवर ठेवला तर? दोनच डबे टाकले तर? मी ते ओळखून होते. माणूस एका स्वप्नावर इतके महिने घालवतो, तो एका मेणबत्तीनं थोडाच हलतो.

तेवढ्यात दारातून पिहू आली. शाळा सुटून थेट तिथं, युनिफॉर्म, पाठीवर दप्तर, हातात पुठ्ठ्याची तलवार. "पापा, मी खाली जाऊ? बस एक बार!"

"नको," मी आणि निखिल एकदमच म्हणालो.

मी म्हटलं, "पिहू, इकडं ये बेटा. सरळ उभी राहा." खालची गाठ मी तिच्या बुटापाशी धरायला सांगितली, संतोषनं धरली. वरची गाठ मी निखिलच्या हातात दिली आणि म्हटलं, "धर तिच्याजवळ सरळ."

त्यानं सुतळी ताणली. वरची गाठ पिहूच्या कपाळाशी आली.

"ये क्या नाप रहे हो? माझा ड्रेस?" पिहूनं विचारलं.

निखिल गाठ धरून तसाच उभा. पोरगी सरळ उभी राहिली तरी तिचं नाक त्या गाठीच्या खाली होतं. आणि रविवारी ती उभी राहणार नव्हती, रांगणार होती. झाकण वरून बंद राहणार होतं. हे मी बोलून दाखवलं नाही, बोलायची गरजच उरली नव्हती. त्यानं सुतळी सोडली, पिहूला उचललं, इतकी मोठी पोरगी, आणि बाहेर फुटपाथवर नेऊन उभा राहिला. ती ओरडत होती, "पापा, नीचे उतारो ना, लोग देख रहे हैं!"

आत आल्यावर तो एवढंच बोलला. "दीदी, मी सगळ्यांना फोन करतो. रविवारी खाली कोणी उतरणार नाही."

"आधी कर. मग आपण काम बोलू."

संतोषकडे वळून तो म्हणाला, "सॉरी यार. तू रोज़ बोल रहा था." संतोषनं मुखवटा उचलून कपाटावर ठेवून दिला.

दिघे सरांनी माझ्याकडून सुतळी घेतली, दोन्ही गाठींमधलं अंतर हातानं मोजलं आणि म्हणाले, "हे काम आपण आपल्याकडून करून देऊ. जाळी आपली चुकली." एवढंच. पुढे सव्वीस वर्षांतल्या त्या पहिल्या भांडणाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही नाही.

दुरुस्ती नंतर सावकाश, अशी केली. विहिरीच्या तळाला, जमिनीला लागून, दोन बाजूंना जाळ्या बसवल्या. बोगद्यात एक. तिथून पत्र्याचा डक्ट, म्हणजे हवेचा चौकोनी नळ, थेट गच्चीपर्यंत नेला. आता शिळी हवा तळातून निघते. पंख्याला रेग्युलेटर नाही, बटणही नाही. वर इंटरलॉक केलं. त्याचा अर्थ सोपा आहे. तो पंखा फिरत नसेल तर जिन्याच्या झाकणाचं कुलूप उघडतच नाही. भिंतीवर गॅसचा मीटर लावला. झाकण खेळ चालू असताना आतून ढकललं तरी उघडतं असं केलं. ड्राय आइस कायमचा बंद. धुकं आता पाण्याच्या बारीक तुषारांचं आहे. ते पायऱ्या तितके सुंदर उतरत नाही. निखिलला अजून ते खटकतं, आणि मला आनंद होतो.

रविवारी वाढदिवस मात्र झाला. विहिरीवर जाड फळ्या ठोकल्या, जिन्याला कुलूप घातलं, आणि राक्षसच वर आला. संतोषनं पूर्ण पोशाखात गर्जना करत पोरांना ड्रॅगनची वेटोळी वाढली. पोरांनी त्याला पुठ्ठ्याच्या तलवारींनी इतकं बदडलं की विचारू नका. मी जाऊन विचारलं, "सर कैसा है?"

"मॅडम, सर तो ठीक है, अब कमर दुख रही है," तो म्हणाला.

सराय चांगली चालते. रोज सकाळी उघडण्याआधी संतोष मीटर पाहतो, वहीत आकडा लिहितो, आणि मग तोच कंदील पेटवून विहिरीत तळापर्यंत सोडतो. मीटर असताना कंदिलाची गरज नाही, मी दोनदा सांगून पाहिलं. तो म्हणतो, मीटर कंपनी का है, लालटेन मेरी है. लवकर आलेली गिऱ्हाइकं कठड्याशी गोळा होतात आणि टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं हा खेळाचाच भाग आहे.

माझ्या कामात एकच फरक पडला. आता कोणतंही ड्रॉइंग आलं की मी आपलं काम नंतर पाहते. आधी लाल पेन घेऊन 'बाय अदर्स' लिहिलेल्या सगळ्या ओळी शोधते, आणि प्रत्येक ओळीपुढे त्या दुसऱ्याचं नाव आणि फोन नंबर लिहून घेते. मग एकेकाला फोन लावते. लोक वैतागतात, 'ये मॅडम बहुत पूछती है' म्हणतात. म्हणू देत. आणि खाली बसणाऱ्याचं डोकं दुखतंय असा फोन आला, की गोळी सुचवण्याआधी मी खाली जाऊन बसते. उभी राहत नाही.